पब्लिक एनिमी : चक डीचे शब्द मोठे की बॉम्ब स्क्वॉडचा गोंगाट?

निनाद_वाई (धागाकर्ता)

नमस्कार. गेले दोन महिने मी पब्लिक एनिमी या अमेरिकी हिप हॉप गटाचे पहिले चार अल्बम क्रमाने ऐकतो आहे : १९८७ चा 'यो! बम रश द शो', १९८८ चा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक', १९९० चा 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट' आणि १९९१ चा 'अपोकॅलिप्स ९१'. या गटाविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक गटाचा मुख्य रॅपर चक डी याच्या राजकीय शब्दांविषयी असते. वंशभेद, पोलीस, तुरुंग, अमली पदार्थ, प्रसारमाध्यमे हे विषय त्याने रॅपमध्ये ठामपणे आणले, हे खरेच आहे. तरीही ऐकता ऐकता माझे मत वेगळे होत गेले, आणि ते जाणकारांकडून तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढतो आहे.

मी 'रिबेल विदाउट अ पॉज' हे गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यातले निम्मे शब्दही मला कळले नाहीत. पण पहिल्या काही सेकंदांतच सॅक्सोफोनची जी किंचाळी सुरू होते आणि गाणेभर पुन्हा पुन्हा कानावर आदळत राहते, तिने मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ही किंचाळी जेम्स ब्राऊनच्या साथीदारांच्या, म्हणजे 'द जेबीज'च्या, १९७० च्या 'द ग्रंट' या रेकॉर्डवरून उचललेली आहे. मूळ रेकॉर्डमध्ये ती क्षणभर येऊन जाते. हँक शॉकली आणि त्याच्या साथीदारांनी, ज्यांना 'बॉम्ब स्क्वॉड' म्हणतात, ती थांबूच दिली नाही. धोक्याचा भोंगा वाजतो आहे आणि तो बंद करायला कोणी येत नाही, अशी ती जाणीव होती.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. हेच शब्द साध्या, मोकळ्या ठेक्यावर म्हटले असते तर आज आपण या गटाचे नाव घेतले असते का? माझ्या मते या गटाची खरी देणगी ध्वनीची आहे आणि शब्द त्यामागून येतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोरा_कागद

चांगला विषय. ज्यांना हा गट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी दिली तर चर्चेत अधिक लोक येतील.

मधुरा_जर्सी

पार्श्वभूमी मी देते, कारण मी अनेक वर्षे लाँग आयलंडवर राहिले आहे आणि हा गट त्याच भागातला आहे, ही गोष्ट बऱ्याच लेखांतून निसटते.

हिप हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. पब्लिक एनिमी मात्र शहराबाहेरच्या उपनगरातले. चक डी (मूळ नाव कार्लटन रायडनहावर, जन्म १९६०) रूझवेल्ट या गावात वाढला. १९६० च्या दशकात स्वतःचे घर घेऊ शकणारी कृष्णवर्णीय कुटुंबे शहरातून इथे राहायला आली होती. पुढे तो गार्डन सिटी इथल्या अडेल्फी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकला. बंदुकीच्या नेमाच्या वर्तुळात उभ्या माणसाची आकृती असलेले गटाचे प्रसिद्ध बोधचिन्ह त्याचेच. त्या आकृतीच्या टोपीमुळे तो पोलीस आहे असे अनेकांना वाटते, पण नेम धरला गेला आहे तो कृष्णवर्णीय तरुणावर.

हँक शॉकली 'स्पेक्ट्रम सिटी' या नावाने समारंभांत आणि सभागृहांत रेकॉर्ड वाजवण्याचा व्यवसाय करीत असे. चक डी तिथे निवेदकासारखा बोलत असे. विद्यापीठाच्या 'डब्ल्यूबीएयू' या रेडिओ केंद्रावर या मंडळींचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी केलेल्या एका ध्वनिफितीमुळे डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीच्या रिक रुबिनचे लक्ष चक डीकडे गेले. रुबिन त्याच्या मागे लागला, पण आपले वय आता या कामाचे नाही असे वाटून चक डी बराच काळ टाळत राहिला. करार झाला तो १९८६ मध्ये, आणि पहिला अल्बम निघाला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्या काळच्या रॅपमध्ये हे वय खरोखरच मोठे होते.

हे सांगण्यामागे कारण आहे. ही मंडळी शिकलेली होती, रेडिओ चालवलेली होती आणि त्यांच्या घरांत आईवडिलांच्या रेकॉर्डचा साठा होता. त्यांनी केलेला गोंगाट नेमका कसा व्हावा, हे त्यांनी आधी ठरवलेले होते.

खमाज

धागाकर्त्यांशी मी असहमत आहे. ज्याला तुम्ही ध्वनी म्हणता त्यातला सर्वांत मोठा ध्वनी चक डीचा आवाज आहे, आणि तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाही. तो खर्जातला, भरदार, सभेत ध्वनिक्षेपक बिघडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा आवाज आहे. त्याने स्वतः सांगितले आहे की त्याच्या बोलण्यावर मार्व्ह अल्बर्ट या क्रीडा समालोचकाचा प्रभाव होता. बास्केटबॉलचा सामना धावत्या वेगाने सांगणारा माणूस दम कुठे घेतो, कोणत्या शब्दावर वजन टाकतो, हे त्याने कान देऊन ऐकले होते. मी शास्त्रीय गायन शिकलो आहे. आवाजाचा लगाव हा शब्दांच्या अर्थाइतकाच रचनेचा भाग असतो, असे मी मानतो. शब्द विरुद्ध ध्वनी ही विभागणीच मला इथे लागू होताना दिसत नाही.

रेकॉर्डिस्ट_दादर

मी तीसेक वर्षे ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आहे, म्हणून यंत्रांच्या बाजूने लिहितो.

'नेशन ऑफ मिलियन्स'च्या काळात 'एसपी-१२००' आणि 'अकाई एस९००' ही सॅम्पलर यंत्रे वापरली जात. सॅम्पलर म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डचा तुकडा साठवून तो कळ दाबून हवा तेव्हा वाजवणारे यंत्र. एसपी-१२०० मध्ये एकूण साठवण होती फक्त दहा सेकंदांची, तीही १२ बिटची, म्हणजे आजच्या मानाने खरखरीत. दहा सेकंदांत ढोल, झांज, गिटार, किंचाळी असे सगळे बसवायचे. त्यावर त्या काळचे लोक एक युक्ती करीत. ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून तुकडा साठवायचा आणि यंत्रात तो पुन्हा संथ करायचा. जागा वाचते, पण आवाज आणखी खडबडीत होतो. कुठल्याही सभ्य स्टुडिओत हा खडबडीतपणा दोष समजून पुसला गेला असता. या मंडळींना तोच हवा होता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आज आपण तुकडे संगणकाच्या पडद्यावर काटेकोर रेषेत मांडतो. बॉम्ब स्क्वॉडमध्ये हँक, त्याचा भाऊ कीथ, एरिक 'व्हिएतनाम' सॅडलर आणि स्वतः चक डी असे अनेक जण एकाच वेळी हाताने कळा दाबत, वाद्यवृंद बसवल्यासारखे तुकडे वाजवून पाहत आणि त्यातली जुळून आलेली क्षणचित्रे ठेवत. सॅडलर हा त्यांच्यातला वाद्य जाणणारा. दोन तुकड्यांचे सूर एकमेकांशी भांडतात, हे त्याला खटके. हँकला ते भांडणच हवे असे. मी विद्यार्थ्यांना ही गाणी ऐकवतो तेव्हा एकच काम सांगतो : एका कडव्यामागे किती थर आहेत ते मोजा. बहुतेकांची मोजणी मध्येच मोडते.

या कारणांनी मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. खमाज यांचा आवाजाविषयीचा मुद्दा मात्र मान्य.

सावळा_मेघ

रेकॉर्डिस्ट यांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. यात एक भर घालतो. 'नेशन ऑफ मिलियन्स' जवळजवळ एका तासाचा आहे आणि त्यात गाण्यांमध्ये मोकळी जागा जवळपास नाही. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमातला जनसमुदायाचा आवाज, निवेदन आणि भोंगा हे सगळे गाण्यांच्या मधल्या जागांत पेरले आहे. त्यामुळे घरात एकट्याने ऐकणाऱ्यालाही आपण हजारोंच्या गर्दीत उभे आहोत असे वाटते. १९८८ च्या 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाच्या समीक्षक-मतदानात हा अल्बम पहिला आला, आणि समीक्षकांनी रॅपकडे पूर्ण लांबीची कलाकृती म्हणून पाहण्याला त्याने मोठे बळ दिले.

उत्तरा_कोथरूड

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु या गटाविषयी केवळ गौरवाने लिहिणे मला जमणार नाही, आणि शब्द दुय्यम आहेत असे म्हटले की काही प्रश्न आपोआप बाजूला पडतात, म्हणून लिहिते.

१९८९ च्या मे महिन्यात 'वॉशिंग्टन टाइम्स'मध्ये गटाचा सदस्य प्रोफेसर ग्रिफ याची मुलाखत प्रसिद्ध झाली. गणवेशातल्या 'एस१डब्ल्यू' पथकाचा तो प्रमुख होता आणि गटाचा 'माहितीमंत्री' म्हणून वावरत होता. जगातल्या बहुतांश दुष्कृत्यांना ज्यू लोक जबाबदार आहेत, अशा आशयाचे विधान त्याने त्यात केले. हे ज्या उन्हाळ्यात घडले त्याच उन्हाळ्यात स्पाइक ली यांच्या 'डू द राइट थिंग' या चित्रपटातून गटाचे 'फाइट द पॉवर' हे गाणे जगभर पोहोचत होते. चक डीने आधी सारवासारव केली, मग ग्रिफला काढल्याचे जाहीर केले, मग गटच विसर्जित झाल्याच्या बातम्या आल्या, मग गट परत उभा राहिला. पुढच्या वर्षी आलेल्या 'वेलकम टू द टेररडोम'मधल्या काही ओळींनी तोच आरोप पुन्हा ओढवून घेतला. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ग्रिफ गटात परतलाही.

स्त्रियांविषयी पाहिले तर 'शी वॉच चॅनल झीरो' या गाण्यात दूरचित्रवाणीपुढे बसलेली स्त्री समाजाच्या अधोगतीचे उदाहरण होते. पुरुषाच्या वेळ घालवण्यावर तसे गाणे मला या अल्बमवर सापडले नाही. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या माणसाची नजर दुसऱ्या एखाद्या समूहावर किंवा स्वतःच्या घरातल्या स्त्रीवर पडते तेव्हा ती किती न्यायी असते, हे मी पाहते. शब्दांनी मोठेपण मिळवलेल्या गटाचे मोजमापही शब्दांनीच व्हायला हवे.

खमाज

उत्तरा, तुमच्याशी पूर्ण सहमत. ग्रिफच्या प्रकरणात मला चक डीचा पहिला कचखाऊपणा अधिक बोचतो. आवाजात इतका ठामपणा असलेला माणूस नेमक्या त्या आठवड्यांत अडखळला.

निनाद_वाई

उत्तरा, तुमचा प्रतिसाद वाचून मी थांबलो. ध्वनीला पहिला मान देताना आपण शब्दांची जबाबदारी हलकी करतो आहोत हे माझ्या लक्षात आले नव्हते. त्यावर विचार करून पुन्हा लिहितो.

भीमाकाठ

मी मराठवाड्यातला. माझे वडील आंबेडकरी जलशात गात असत, त्यामुळे या गटाकडे मी त्या वाटेने पोहोचलो. ती वाट केवळ माझ्या मनातली नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिने नाव आणि स्फूर्ती घेतली ती १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये सुरू झालेल्या ब्लॅक पँथर पार्टीकडून. पब्लिक एनिमीच्या एस१डब्ल्यू पथकाचा गणवेश आणि कवायत, चक डीच्या शब्दांतला सूर यांमागेही तीच ब्लॅक पँथर चळवळ आणि 'नेशन ऑफ इस्लाम' ही कृष्णवर्णीय मुस्लिमांची संघटना आहेत. एकाच ओढ्याला आपल्याकडे एक आणि तिकडे एक असे दोन फाटे फुटलेले मी पाहतो. मुंबईतला फाटा प्रामुख्याने कवितेत गेला आणि लाँग आयलंडवरचा संगीतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भीमराव कर्डकांच्या एका जलशाची बरोबरी माझ्या दहा सभांशी होते, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे आमच्याकडे सांगतात. विचार तोच, पण ढोलकी आणि झील यांच्यासह आला की तो वस्तीतल्या शेवटच्या घरात शिरतो. म्हणून मी ध्वनीला कमी लेखणार नाही.

झीलवरून फ्लेवर फ्लॅव आठवला, ज्याच्याविषयी इथे अजून कोणीच लिहिले नाही. गळ्यात मोठे घड्याळ लटकवून रंगमंचावर बागडणारा हा माणूस परदेशी लेखांत अनेकदा विदूषक म्हणून उरकला जातो. तमाशा पाहिलेल्या माणसाला त्याचे काम लगेच ओळखू येते. शाहिराची ओळ झेलायची, तिला दुजोरा द्यायचा, मध्येच तिची फिरकी घ्यायची, लोकांचे लक्ष ढळू लागले की त्यांना परत आणायचे, ही झीलकऱ्याची आणि सोंगाड्याची कामे तो एकट्याने करतो. आणि सोंगाड्याला जे बोलायची मुभा असते ते शाहिराला नसते. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आणीबाणीचा ९११ हा क्रमांक फिरवला तर रुग्णवाहिका वेळेवर येत नाही, या जीवघेण्या विषयावरचे '९११ इज अ जोक' हे गाणे चक डीने गायलेले नाही, फ्लॅवने गायले आहे, तेही नाचत-हसत. ते हसू ऐकताना अंगावर काटा येतो.

मधुरा_जर्सी

भीमाकाठ, फ्लॅवविषयीची ही मांडणी मला फार आवडली. त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगते : तो लहानपणापासून पियानो वाजवतो आणि इतरही अनेक वाद्ये वाजवू शकतो. सुरुवातीला त्याला गटात घेण्याचे कारण डेफ जॅमच्या लोकांना उमगत नव्हते, चक डी मात्र त्याच्याशिवाय करार करायला तयार नव्हता.

फिनिक्सवासी

शब्दांच्या बाजूने एक साक्ष द्यायची आहे. मी १९८९ पासून ॲरिझोना राज्यात राहतो.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनाची सुटी इथे आधीच्या गव्हर्नरने आदेश काढून सुरू केली होती आणि १९८७ मध्ये नवे गव्हर्नर इव्हन मेकॅम यांनी सत्तेवर येताच ती रद्द केली. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे प्रश्न आला आणि तोही फेटाळला गेला. मी तेव्हा नवखा होतो, मतदानाचा हक्क नव्हता, आणि कार्यालयात या विषयावर कोणी मोकळेपणाने बोलत नसे. १९९१ च्या शरदात 'अपोकॅलिप्स ९१' आला आणि त्यात 'बाय द टाइम आय गेट टू ॲरिझोना' हे गाणे होते. त्याच्या चित्रफितीत गव्हर्नरच्या हत्येचा प्रसंग दाखवला होता, त्यावरून देशभर वाद झाला. अहिंसेच्या पुरस्कर्त्याच्या नावाने हिंसा दाखवणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. पण त्या आठवड्यात कार्यालयातला प्रत्येक माणूस त्या सुटीविषयी बोलत होता, हे मी पाहिले आहे.

सुटी मिळवून दिली ती गाण्याने, असे मी म्हणणार नाही. स्टीव्ही वंडर यांच्यासारख्या कलाकारांचा बहिष्कार होता, परिषदा रद्द होत होत्या, आणि सर्वांत मोठा फटका म्हणजे १९९३ चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, ॲरिझोनातल्या टेंपीहून काढून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाला नेला गेला. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी सुटी मान्य केली. पण या सगळ्यात तो विषय तरुणांच्या खोलीत कोणी नेला असेल, तर या गाण्याने. ते गाणे संथ आहे, त्यात 'रिबेल'सारखा गोंगाट नाही. धागाकर्त्यांच्या सिद्धांतात ते कुठे बसते?

सावळा_मेघ

तो गोंगाट कमी होण्याचे कारण न्यायालय आहे. गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा वापरल्याबद्दल बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल लागला आणि त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी व पैसे द्यावे लागू लागले. एका गाण्यात डझनभर तुकडे वापरणारी पद्धत त्यामुळे परवडेनाशी झाली. म्हणूनच 'अपोकॅलिप्स ९१' मोकळा वाटतो.

रेकॉर्डिस्ट_दादर

निकालाचा परिणाम मोठा झाला हे खरे, पण इथे कालक्रम जुळत नाही. तो निकाल १९९१ च्या डिसेंबरचा आणि 'अपोकॅलिप्स ९१' त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आला होता. त्या अल्बमवर प्रत्यक्ष काम करणारी मंडळी निराळी होती. गॅरी जी-विझ आणि त्याचे साथीदार 'इंपीरियल ग्रँड मिनिस्टर्स ऑफ फंक' या नावाने निर्माते होते, बॉम्ब स्क्वॉडकडे केवळ देखरेख होती. हात बदलले म्हणून नाद बदलला. निकालाने पुढची दारे बंद केली : जुन्या पद्धतीकडे परत जायचे म्हटले तरी आता ते शक्य राहिले नाही. 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट'सारखी घनदाट रचना आज कोणी रीतसर परवानग्या घेऊन करू लागला तर मूळ हक्कदारांची यादीच काही पाने भरेल. पुढे २००४ च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत जतनासाठी निवडला. ज्या रचनेला जपून ठेवण्यायोग्य म्हटले, तिची पद्धत तोवर जवळजवळ संपली होती, याचे मला फार वाईट वाटते.

सावळा_मेघ

दुरुस्तीबद्दल आभार. मी दोन्ही वर्षे एकच धरून चाललो होतो.

उत्तरा_कोथरूड

मूळ प्रश्न कसून तपासायचा असेल तर एक उपाय सुचतो. ध्वनी आणि शब्द प्रत्यक्षात वेगळे झालेली उदाहरणे पाहू.

शब्द तेच, ध्वनी निराळा : 'ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस' ही सैन्यभरती नाकारल्यामुळे तुरुंगात गेलेल्या आणि तिथून सुटू पाहणाऱ्या कैद्याची गोष्ट आहे. मूळ गाण्यात आयझॅक हेझच्या रेकॉर्डवरचा पियानोचा तुकडा सारखा वाजत राहतो. १९९५ मध्ये ब्रिस्टलच्या ट्रिकीने तेच शब्द गिटारांच्या जोरकस साथीवर घेतले आणि ते गायले मार्टिना टॉप्ली-बर्ड या तरुण स्त्रीने. एका स्त्रीच्या तोंडून ते शब्द ऐकताना मला ते पहिल्यांदा माझेही वाटले. तसेच 'ब्रिंग द नॉइज' १९९१ मध्ये अँथ्रॅक्स या मेटल गटाबरोबर पुन्हा झाले. तिथेही शब्द टिकले.

आता उलटे. ध्वनी तोच, शब्द निराळे : 'नेशन ऑफ मिलियन्स'वर 'सिक्युरिटी ऑफ द फर्स्ट वर्ल्ड' नावाचा एक छोटा, जवळजवळ शब्दविरहित तुकडा आहे. त्याचा ठेका १९९० मध्ये मॅडोनाच्या 'जस्टिफाय माय लव्ह'मध्ये आला, आणि तिथे तो कुजबुजत्या शृंगाराला साथ करतो. ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात धोक्याचा भोंगा कोणालाही ऐकू आला नाही.

कोरा_कागद

हे उदाहरण निर्णायक वाटते.

रेकॉर्डिस्ट_दादर

निर्णायक म्हणता येणार नाही. मॅडोनाच्या गाण्यात आला तो फक्त ठेका, तोही सगळ्यांत मोकळ्या तुकड्याचा. बॉम्ब स्क्वॉडचे वैशिष्ट्य थरांत आहे आणि ते थर कोणी उचलू शकले नाही. तरीही उत्तरा यांच्या मांडणीने माझी बाजू बरीच दुबळी झाली, हे मोकळेपणाने मान्य करतो.

मधुरा_जर्सी

प्रभावाचा विषय निघाला आहे तर एक बाजू राहू नये. १९९९ मध्ये डेफ जॅमपासून वेगळे झाल्यावर त्यांनी 'देअर्स अ पॉयझन गोइन ऑन' हा अल्बम दुकानांत येण्याआधी इंटरनेटवरून उतरवून घेण्यासाठी उपलब्ध केला. एवढ्या नावाजलेल्या गटांत हे करणारे ते अगदी पहिल्यांपैकी. संगीत कंपन्या नॅप्स्टर या इंटरनेटवरून गाणी फुकट वाटून घेण्याच्या सेवेविरुद्ध न्यायालयात गेल्या तेव्हा चक डी उघडपणे नॅप्स्टरच्या बाजूने उभा राहिला आणि २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढेही बोलला. कलावंत आणि श्रोता यांच्या मधला दलाल कमी व्हावा ही त्याची भूमिका होती. विद्यापीठाच्या छोट्या रेडिओ केंद्रावरून वर आलेल्या माणसाला ते सुचणे मला स्वाभाविक वाटते. २०१३ मध्ये त्यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा गायक हॅरी बेलाफाँटे आणि स्पाइक ली यांनी त्यांची ओळख करून दिली. बेलाफाँटे हे किंग यांचे निकटचे सहकारी. फिनिक्सवासी यांनी सांगितलेली ॲरिझोनाची हकिगत वाचल्यावर त्या प्रसंगाचा अर्थ मला नव्याने कळला.

खमाज

इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात दक्षिण आशियाई तरुणांचा 'फन-दा-मेंटल' हा गट पुढे आला, त्याला वृत्तपत्रे 'आशियाई पब्लिक एनिमी' म्हणत. तिथल्या वंशभेदाविषयी बोलायला त्यांनी हाच साचा घेतला, आणि त्यात कव्वाली व हिंदी चित्रपटसंगीताचे तुकडे भरले. म्हणजे ज्यांनी शब्द घेतले त्यांनी शब्दांबरोबर तुकडे जोडण्याची रीतही घेतली. दोन्ही गोष्टी एकत्रच प्रवास करताना दिसतात.

निनाद_वाई

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा वाचले आणि उत्तरा यांनी सुचवलेली गाणी काल रात्री एकामागून एक ऐकली. माझे मूळ विधान मी मागे घेतो. 'सिक्युरिटी ऑफ द फर्स्ट वर्ल्ड' एकटे ऐकले तर ते उत्तम आहे, पण त्यात मला पुढे काय होणार याची ती धडधड जाणवली नाही. चक डी बोलू लागला की मगच तो गोंगाट कशाचा आहे ते ठरते. ॲरिझोनाच्या गाण्याविषयी फिनिक्सवासी यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते गाणे माझ्या सिद्धांतात बसतच नाही. एवढे मात्र अजूनही म्हणेन की 'रिबेल'मधली किंचाळी काढून टाकली तर तो इतका ताणून बोलला नसता. तिच्यावर मात करण्यासाठीच त्याला आवाज चढवावा लागला आहे.

भीमाकाठ

हा धागा वाचून मी काल वडिलांना 'रिबेल विदाउट अ पॉज' ऐकवले. त्यांचे वय ८१, इंग्रजी येत नाही. मी काहीही समजावून सांगितले नाही. त्यांनी आधी विचारले, "झील कोन धरतंय?" मी फ्लॅवचे नाव सांगितले, घड्याळाचेही सांगितले. मग त्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणे ऐकले आणि म्हणाले, "ह्याला मागचे गाऊ देईनात, तरी गडी मागं सरंना."

संध्याकाळी त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले, आणि या वेळी मांडीवर बोटांनी ठेका धरला. बाकीची गाणी रविवारी ऐकवणार आहे. ॲरिझोनाच्या गाण्याची हकिगत आधी सांगून ऐकवावे की आधी ऐकवून मग सांगावी, हे अजून ठरलेले नाही.

फिनिक्सवासी

आधी ऐकवा. ते काय म्हणतात ते इथे जरूर लिहा.